अंगणातली हिरवळ: सिल्वासाच्या उन्हाळ्यात पाणी किती, कधी आणि कशासाठी?



होळी झाली की आपल्या सभासदांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. बंगल्यापुढे किंवा रो-हाऊसच्या अंगणात हौसेने लॉन लावले, पावसाळ्यात ते गालिच्यासारखे दिसले, दिवाळीपर्यंत टिकले आणि आता मार्चमध्ये पिवळे पडू लागले. रोज पाणी घालतो, तरी असे का होते? दुसरीकडे बोअरवेलचे पाणी खाली जात असते, सोसायटीत टँकरची बोलणी सुरू होतात आणि 'लॉनला पाणी घालायचे की नाही' यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कुरबूर होते. म्हणून या वेळी हिरवळीची निगा आणि तिचे पाणी या दोन्ही गोष्टी एकत्र समजून घ्यायचे आम्ही ठरवले.

पाऊस एवढा, मग टंचाई का?

सिल्वासाला वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सोलापूर, अहिल्यानगर किंवा खानदेशातून इथे येऊन स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना पहिल्या वर्षी या पावसाचे नवलच वाटते. पण हा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. आपल्या पायाखाली काळा कातळ आहे, सह्याद्रीत आहे तोच. या कातळात पाणी फक्त वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते. बाकीचे ओढ्यांतून दमणगंगेत आणि तिथून समुद्रात जाते. मधुबन धरण त्यातले काही अडवते, पण त्यावर सिल्वासा, वापी आणि दमण या तिन्ही ठिकाणची घरे आणि कारखाने अवलंबून आहेत. त्यामुळे जुलैत पाणी तुंबलेल्या अंगणाखालची बोअर एप्रिलमध्ये धापा टाकते, यात नवल नाही.

हिरवळीच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. जून ते सप्टेंबर आपल्याला पाणी घालावेच लागत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी थोडक्यात भागते. खरी परीक्षा मार्च ते जूनचा पहिला आठवडा एवढ्या साधारण शंभर दिवसांची असते.

आपल्या अंगणात गवत कोणते आहे?

पाण्याचा हिशेब करण्याआधी आपले गवत ओळखावे.

दूर्वा: गणपतीला वाहतो तीच. शेतकरी तिला हरळी म्हणतात आणि शेतातून काढता काढता थकतात. तिची चिवट मुळे आणि जमिनीखालून पसरणारी पेरे हा शेतात दोष, पण अंगणात तोच गुण. उन्हात वाळली तरी पेरे जिवंत राहतात. तिला कडक ऊन हवे, सावलीत ती विरळ होते. 'सिलेक्शन वन' या नावाने नर्सरीत मिळणारे लॉन हाही दूर्वेचाच बारीक पानांचा प्रकार.

मेक्सिकन किंवा कोरियन लॉन: बारीक, दाट आणि मऊ. सध्या बहुतेक नर्सऱ्या याचेच तुकडे विकतात. पाण्याचा ताण बऱ्यापैकी सोसते, पण एकदा मार बसला की भरून यायला दूर्वेपेक्षा बराच जास्त वेळ लागतो.

रुंद पानांचे कार्पेट गवत: आंबा-चिकूच्या हलक्या सावलीत चांगले येते. मात्र पाण्याचा ताण त्याला अजिबात सोसत नाही. मोठ्या अंगणात हे लावले असेल तर उन्हाळ्यातले पाणी त्याच्यामागेच संपते.

नवीन लॉन लावायचे असेल आणि अंगणात ऊन भरपूर असेल, तर आमची शिफारस दूर्वेचीच आहे. लावणीसाठी पहिल्या सरी पडल्यानंतरचे दिवस किंवा सप्टेंबर हा काळ बरा. जुलैच्या मुसळधार पावसात नवी माती वाहून जाते आणि मार्चनंतर लावलेले लॉन म्हणजे पाण्याचे कर्ज.

पाणी किती? थोडे गणित

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एवढे लक्षात ठेवले की बाकी हिशेब सोपा होतो. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत हिरवेगार ठेवलेल्या दूर्वेला रोज साधारण ४ मिलिमीटर पाणी लागते असे धरा.

समजा अंगणातले लॉन ५०० चौरस फूट आहे, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. त्याला रोजचे १८५ लिटर आणि आठवड्याचे सुमारे १३०० लिटर पाणी लागेल.

हा आकडा किती मोठा आहे? आपल्या देशात शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी रोज १३५ लिटरचा निकष धरतात. म्हणजे हे छोटेसे लॉन घरातल्या एका जादा माणसाहून अधिक पाणी पिते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटरचे उद्दिष्ट आहे. त्या हिशेबाने आपले लॉन खेड्यातल्या तीन माणसांहून जास्त पाणी वापरते. हा आकडा एकदा मनात ठेवावा, मग पुढचे निर्णय सोपे होतात.

रोज शिंपडण्यापेक्षा दोनदा भिजवा

आपल्यापैकी बहुतेक जण संध्याकाळी पाइप हातात घेऊन दहा मिनिटे पाणी मारतात. त्यात किती पाणी पडते हे मोजायला एक बादली पुरते. १५ लिटरची बादली तुमच्या पाइपने सव्वा मिनिटात भरत असेल, तर मिनिटाला १२ लिटर पाणी येते. दहा मिनिटांत १२० लिटर. ५०० चौरस फुटांवर ते झाले जेमतेम अडीच मिलिमीटर. एवढ्या पाण्याने वरचा बोटभर थर ओला होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उडून जातो. मुळांना सवय लागते ती वरच राहण्याची. मग एक दिवस पाणी चुकले की सगळे लॉन माना टाकते. रोज पाणी घालूनही गवत पिवळे का पडते, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

त्याऐवजी आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी सुमारे १४ मिलिमीटर पाणी द्यावे. वरच्या उदाहरणात याला एका वेळी ६५० लिटर, म्हणजे ५०-५५ मिनिटे लागतील. पाणी तेवढेच, पण ते खोल जाते, मुळेही त्याच्यामागे खाली उतरतात. मातीचा थर पातळ असेल आणि लगेच खाली मुरूम लागत असेल, तर दोनऐवजी तीन पाळ्या कराव्यात, कारण तिथे जास्त पाणी एका वेळी मावत नाही.

शेतीची पार्श्वभूमी असलेल्या आपल्या ज्येष्ठांना 'वाफसा' हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको. माती ओली आहे, पण चिखल नाही, मुळांना पाणी आणि हवा दोन्ही मिळतात, अशी ती स्थिती. लॉनलाही वाफसाच लागतो. पुढच्या पाळीपर्यंत वरची माती सुकू द्यायची, हा त्याचाच भाग.

काही उपयोगी खुणा:

- पाणी दिल्यावर तासाभराने लांब स्क्रू-ड्रायव्हर मातीत खुपसून पाहा. चार बोटे सहज आत गेला आणि पुढे अडला, तर पाणी साधारण तिथवर पोहोचले आहे. अजून थोडे खाली जायला हवे.
- गवतावरून चालल्यावर पावलांचे ठसे बराच वेळ तसेच राहिले, पाने आत मुडपली, रंग हिरव्याऐवजी निळसर-करडा दिसू लागला, तर गवत तहानले आहे. तेव्हा पाणी द्या. खुणा दिसत नसतील तर पाळी एक दिवस पुढे ढकला.
- स्प्रिंकलर असेल तर लॉनवर चार-पाच सारखे डबे ठेवून पंधरा मिनिटे चालवा आणि डब्यांतले पाणी पट्टीने मोजा. कुठे जास्त, कुठे कमी पडते ते लगेच कळेल.
- उतारावर किंवा घट्ट मातीवर पाणी वाहू लागले तर थांबा. अर्ध्या तासाने उरलेले पाणी द्या. रस्त्यावर वाहिलेले पाणी कुणाच्याच कामाचे नसते.

वेळ पहाटेची, पाच ते आठच्या दरम्यानची उत्तम. दुपारी बरेचसे पाणी हवेतच उडते. रात्री दिले तर पाने रात्रभर ओली राहतात आणि आपल्या दमट हवेत बुरशीला आमंत्रण मिळते.

कापणी: उन्हाळ्यात गवत उंच ठेवा

पाहुणे यायचे म्हणून लॉन अगदी बारीक कापण्याची हौस उन्हाळ्यात महागात पडते. उंच गवताची सावली मातीवर पडते, माती कमी तापते आणि ओल टिकते. साधी दूर्वा एरवी ३ सेंटिमीटर ठेवत असाल तर मार्चपासून ४ ते ५ सेंटिमीटर ठेवा. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. गवत फार वाढले असेल तर दोन-तीन कापण्यांत हळूहळू खाली आणा. यंत्राचे पाते धारदार हवे. बोथट पात्याने शेंडे फाटतात आणि सगळे लॉन पांढुरके दिसते.

उन्हाळ्यात कापलेले बारीक तुकडे तिथेच पडू द्यावेत. ते वाळून मातीत जातात, खत होते आणि आच्छादनही. पावसाळ्यात मात्र ओल्या गवताचे गोळे होऊन खालचे गवत कुजते, म्हणून ते गोळा करून खड्ड्यात टाकावे. पावसाळ्यात विजेवरचे यंत्र ओल्या गवतावर चालवू नये. त्या दिवसांत गवत फार वाढूही देऊ नये, कारण उंच गवतात साप दिसत नाही आणि आपली मुले तिथेच खेळतात.

माती, खत, तण आणि किडी

आपल्याकडच्या बऱ्याच प्लॉटवर बांधकामाचा राडारोडा पसरून त्यावर चार बोटे माती टाकलेली असते. अशा जागी कितीही पाणी घातले तरी लॉन टिकत नाही. किमान वीतभर चांगली माती हवी. सगळे उकरणे शक्य नसेल तर दर वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला पोयटा माती, वाळू आणि चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत एकत्र करून अर्धा ते एक सेंटिमीटर थर पसरावा आणि खराट्याने गवतात झाडून घ्यावा. तीन-चार वर्षांत फरक दिसतो. त्याआधी बागेच्या काट्याने जमिनीला हातभर अंतरावर भोके पाडली तर आणखी चांगले.

युरिया द्यायचाच असेल तर चौरस मीटरला १० ग्रॅम पुरे, म्हणजे ५०० चौरस फुटांना अर्ध्या किलोपेक्षा थोडा कमी. पावसाची उघडीप बघून एकदा आणि सप्टेंबरअखेरीस एकदा. मुसळधार पावसात दिलेला युरिया ओढ्याला जातो. एप्रिल-मेमध्ये तर देऊच नये. त्याने कोवळी वाढ होते आणि पाण्याची भूक वाढते.

लव्हाळा वरून उपटून जात नाही, कारण जमिनीखाली त्याच्या गाठी राहतात. खुरपीने खोल जाऊन गाठीसकट काढावा लागतो, तोही पुन्हा पुन्हा. गाजरगवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून उपटावे.

पावसाळ्यात लॉनचे पट्टे वाळले आणि गवत सतरंजीसारखे उचलून हातात आले, तर खाली हुमणी आहे असे समजा. पांढरी, वळलेली अळी मुळे खाते. तिचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. फांद्या हलवून ते साबणाच्या पाण्यात पाडणे हा सर्वांत स्वस्त उपाय. कृषी केंद्रात मिळणारी मेटारायझियम ही उपयोगी बुरशी शेणखतात मिसळूनही देता येते. भरपावसात गोल तपकिरी डाग पडू लागले तर ती रोगाची बुरशी. तेव्हा खत थांबवावे आणि पाणी साचू न देता बाहेर काढावे.

वापरलेले पाणी आणि गच्चीवरचे पाणी

भाज्या, डाळ-तांदूळ धुतलेले पाणी लॉनला निर्धास्त द्यावे. एसीतून ठिबकणारे पाणीही चालते. घरच्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी क्षारयुक्त असते. दूर्वा क्षार बऱ्यापैकी सोसते, तरी ते साध्या पाण्याच्या आलटून-पालटून द्यावे. साचलेले क्षार पुढे पावसात धुऊन जातात. कपड्यांचे पहिले, साबणाचे पाणी नको. शेवटच्या खळबळण्याचे चालेल.

आता गच्चीचा हिशेब. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर, दोन हजार मिलिमीटर पावसात, गळती-सांड वजा जाताही दीड लाख लिटरच्या आसपास पाणी पडते. एवढे टाकीत साठवणे शक्य नाही. पण गाळण करून ते शोषखड्ड्यात किंवा बोअरवेलभोवतीच्या पुनर्भरणात सोडता येते. लॉनवर आपण जे खर्च करतो त्याहून अधिक जमिनीला परत देण्याची हीच वाट आहे. ज्या सभासदांकडे बोअर आहे त्यांनी मे महिन्यात हे काम उरकून घ्यावे.

पाणी नसेल तेव्हा: गवताला झोपू द्या

आता मूळ प्रश्न. पाणी अपुरे असेल तर काय करावे?

दूर्वा वाळून तपकिरी झाली म्हणजे मेली असे नाही. पाणी मिळेनासे झाले की ती पाने सोडून देते आणि पेरांत जीव धरून बसते. गावाकडची माळराने मे महिन्यात भकास दिसतात आणि मृग बरसला की आठ-दहा दिवसांत हिरवी होतात, ते यामुळेच. सिल्वासात तर पाऊस हमखास आणि भरपूर. म्हणून एप्रिलच्या मध्यापासून लॉनला झोपू देणे हा पराभव नाही, ती या हवेशी जुळणारी रीत आहे.

या काळात पेरे जिवंत ठेवण्यापुरते, दर पंधरा दिवसांनी सुमारे १२ मिलिमीटर पाणी द्यावे. आपल्या ५०० चौरस फुटांच्या लॉनला हे ५५० लिटर होतात, म्हणजे दिवसाला सरासरी ४० लिटरच्याही आत. रोजच्या १८५ लिटरऐवजी ४०. बादलीभर वापरलेल्या पाण्याचा त्यात हातभार लागला तर आणखी कमी. दोन नियम मात्र पाळावेत. झोपलेल्या गवतावर चालणे-खेळणे कमी करावे आणि अर्धवट जागे करू नये. एक आठवडा भरपूर पाणी आणि पुढचे दोन आठवडे काहीच नाही, अशाने पेरांतला साठा संपतो आणि गवत खरेच मरते. मेक्सिकन लॉनलाही हा उपाय चालतो, फक्त ते उशिरा सावरते. कार्पेट गवताला चालत नाही.

याबाबत आमचे मत स्पष्ट आहे. ज्या सोसायटीत पिण्यासाठी टँकर मागवावा लागतो, तिथे टँकरच्या पाण्याने लॉन भिजवू नये. एप्रिल २०१६ मधला दुष्काळ आपल्याला आठवत असेल. १२ एप्रिलला मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वे लातूरला पोहोचली आणि दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. मैदानावर पाणी मारण्याचा मुद्दा त्या वेळी राज्यभर चर्चिला गेला. अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्याने २०२१ मध्ये कायदा करून लास व्हेगास परिसरातले नुसत्या शोभेचे गवत काढायचे ठरवले. आपले अंगण छोटे आहे, प्रश्न तोच आहे.

सोसायटीच्या सामाईक लॉनवरून वाद असेल, तर तो मार्चमध्येच बैठकीत बसून मिटवावा. मुले खेळतात आणि आजी-आजोबा बसतात तेवढा भाग हिरवा ठेवायचा, बाकीचा झोपू द्यायचा, असा मध्यम मार्ग बहुतेकांना पटतो. नुसत्या शोभेच्या कडेच्या पट्ट्यांवर अबोली, तगर, जास्वंद, कोरफड लावावी. एकदा रुजली की या झाडांना बुंध्याशी थोडक्या पाण्यात भागते.

वर्षाचे वेळापत्रक

- फाल्गुन-चैत्र (मार्च-एप्रिल): कापणीची उंची वाढवा. आठवड्यातून दोन पाळ्या. बोअरची पातळी पाहून झोपवायचे की नाही ते ठरवा.
- वैशाख-ज्येष्ठ (मे-जून): खत नको, बारीक कापणी नको. पंधरवड्याचे पाणी. शोषखड्डा साफ करा.
- पहिला पाऊस: भोके पाडा, माती-खताचा थर द्या, भुंगेरे गोळा करा. मेलेल्या जागी दूर्वेची पेरे खोचा.
- आषाढ-श्रावण: पाणी साचू देऊ नका. नियमित कापणी, तण काढणे.
- भाद्रपद-आश्विन: उघडिपीत खत. नवीन लावणीसाठी चांगला काळ.
- कार्तिक ते माघ: थंडीत वाढ मंदावते. आठ-दहा दिवसांनी एक पाळी पुरे.

शेवटी एक सूचना. लॉनचा एक हातभर कोपरा न कापता आणि कोणतेही औषध न फवारता राखून ठेवावा. सतत कापलेल्या गवतावर पूजेजोग्या तीन पानांच्या कोवळ्या दूर्वा मिळत नाहीत आणि मेक्सिकन लॉन म्हणजे दूर्वा नव्हे. भाद्रपदात एकवीस दूर्वांच्या जुड्या बाजारातून आणण्याऐवजी आपल्याच अंगणातून निघाल्या, तर मुलांनाही दूर्वा ओळखता येतील. ज्यांच्याकडे जास्त निघतील त्यांनी मंडळाच्या गणपतीसाठी जरूर आणाव्यात.